लहान इंजिनिअरिंग कारखान्यात ऑपरेटर घडवायचा तर: आयटीआयपासून शेजारच्या गेटपर्यंत

भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली, बुटीबोरी अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ असे फलक बाराही महिने लागलेले असतात. फलक वाचून येणारा माणूस बहुतेक वेळा शेजारच्याच कारखान्यातून उठून आलेला असतो. त्याला हजार-दीड हजार जास्त मिळतात, तुमची एक शिफ्ट भागते आणि शेजाऱ्याची अडते. वसाहतीतली कुशल माणसांची संख्या मात्र तेवढीच राहते. ती वाढवायची तर कोणीतरी नवी माणसं घडवायला हवीत, आणि एकट्या लहान कारखान्याला ते झेपत नाही. त्यासाठी आयटीआय, शिकाऊ उमेदवारी योजना, उद्योजकांची संघटना आणि आसपासचे चार-पाच कारखाने यांची साखळी बांधावी लागते.

हा लेख दहा ते साठ माणसांच्या कारखान्याचे नवे मालक, नवे एचआर किंवा नवे प्रॉडक्शन इनचार्ज यांच्यासाठी आहे. उदाहरण सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवरच्या कामाचं, घेतलं आहे. वेल्डिंग, फाउंड्री किंवा प्रेस शॉपलाही क्रम हाच लागू पडतो, फक्त तपशील बदलतात.

पायरी १ : माणसं किती हवीत ते कागदावर काढा

एक कौशल्य तक्ता बनवा. उभ्या बाजूला माणसांची नावं, आडव्या बाजूला कामं: जॉब (मशीनवर करायचा भाग) लोड-अनलोड, मोजमाप, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं पातं) बदलणं, ऑफसेट (टूलच्या जागेची आकड्यातली दुरुस्ती) देणं, सॉफ्ट जॉ (जॉब धरणाऱ्या चकचे मऊ जबडे) बोअर करणं, नवीन जॉबचं सेटिंग. प्रत्येक चौकोनात ० ते ४ पातळी लिहा. ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे पाहिलं आहे, २ म्हणजे कोणी शेजारी उभं असेल तर येतं, ३ म्हणजे एकट्याने येतं आणि ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवता येतं.

हा तक्ता बहुतेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या दिवशी भरला जातो आणि मग सगळेच ३ वर दिसतात. असा तक्ता भरून काही उपयोग नाही. पातळी ३ देण्याची अट ठरवून टाका: सलग ५० जॉब, एकही नापास नाही, मोजमाप स्वतः केलेलं आणि सेटरची (मशीन जॉबसाठी लावून देणाऱ्याची) सही. अट तुमच्या कामाप्रमाणे कमी-जास्त करा, पण ती लिहिलेली असू द्या.

आता हिशेब. समजा सहा मशीन आहेत, एक ऑपरेटर दोन मशीन चालवतो आणि शिफ्ट दोन आहेत. म्हणजे सहा ऑपरेटर लागतात. रजा आणि आजारपणासाठी एक जादा धरा. गेल्या वर्षी दोघं सोडून गेले असतील तर यंदाही दोन जातील असं धरा. एकूण नऊ झाले. तक्त्यात ३ किंवा वरच्या पातळीचे सहाच दिसत असतील, तर वर्षभरात तीन माणसं तयार करायची आहेत. ‘चांगली माणसं मिळत नाहीत’ या तक्रारीपेक्षा ‘ऑफसेट देणारी तीन माणसं जुलैपर्यंत हवीत’ हे वाक्य कामाचं आहे, कारण ते घेऊन आयटीआयच्या प्राचार्यांकडे जाता येतं.

पायरी २ : आयटीआयशी नातं जोडा, तेही निकालाच्या आधी

आयटीआयचं सत्र साधारण ऑगस्टच्या आसपास सुरू होतं. बहुतेक कारखाने परीक्षा झाल्यावर फोन करतात. तोवर चांगली मुलं मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस मुलाखतीत निवडली गेलेली असतात. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीतच जा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, वेल्डर एक वर्षाचा. दुसऱ्या वर्षाची मुलं त्या वेळी ऐन प्रॅक्टिकलमध्ये असतात.

प्राचार्यांना भेटा, पण खरी ओळख शिल्प निदेशकाशी (वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकाशी) करून घ्या. कोणत्या मुलाचा हात चांगला आहे, कोण ड्रॉइंग वाचतं, कोणाला घरच्या अडचणीमुळे जवळचीच नोकरी हवी आहे, हे त्यांना ठाऊक असतं. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. रिजेक्ट झालेले वीस-पंचवीस जॉब त्यांच्या ड्रॉइंगसकट द्या (ड्रॉइंग ग्राहकाचं असेल तर त्याचं नाव आणि पार्ट नंबर काढून स्वतःचं साधं ड्रॉइंग बनवा). मोजमाप शिकवायला याहून चांगलं साहित्य नाही. वापरलेले इन्सर्ट आणि बारच्या उरलेल्या तुकड्यांचाही वर्कशॉपला उपयोग होतो.

वर्षातून दोनदा एका तुकडीला कारखाना दाखवा. वीसपेक्षा जास्त मुलं एका वेळी आणू नका. मागच्या रांगेला काही दिसत नाही आणि सुरक्षितताही सांभाळता येत नाही. सरकारी आयटीआयत संस्था व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात उद्योगाचे प्रतिनिधी असतात. एवढ्यात सदस्य होता आलं नाही, तरी तुमच्या भागातले सदस्य कोण आहेत ते माहीत करून घ्या. कोणत्या मशीनवर शिकवलं जावं, हा विषय तिथे मांडता येतो.

पायरी ३ : शिकाऊ उमेदवारीची कागदपत्रं

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते २९ असतील तर ऐच्छिक. संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्क्यांमध्ये ठेवायची. ३० माणसांच्या कारखान्यात एक ते चार उमेदवार बसतात, म्हणजे वरच्या हिशेबातले तीन आरामात बसले.

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करा, ट्रेड आणि जागा टाका, उमेदवार निवडा आणि करार तयार करा. कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. ‘आधी कामाला लागू दे, करार महिन्याने बघू’ हे कधीही करू नका. त्या महिन्यात अपघात झाला तर तो मुलगा ना कामगार, ना उमेदवार, आणि जबाबदारी पूर्ण तुमची. कागद अडतात ते मुख्यतः दोन ठिकाणी: आधारवरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळत नाही, आणि बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी निवडीच्या दिवशीच तपासा. अडचण आली तर आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्रात जा, तिथले अधिकारी रोज हेच काम करतात.

विद्यावेतनाचं किमान प्रमाण २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये होतं आणि आयटीआय उत्तीर्णाला ७,०००. करार करताना त्या दिवशीचा लागू दर पोर्टलवर पाहून घ्या. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, पण मर्यादेमुळे १,५००च मिळतात आणि तुमच्याकडचा वाटा ५,५०० राहतो. हे किमान आहे. खोलीभाडं आणि मेसचा खर्च पाहता शहराजवळच्या वसाहतीत किमान रकमेवर मुलगा टिकत नाही. निदान दुपारचं जेवण आणि येण्याजाण्याची सोय तरी जोडा. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यायचं. डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना वेगळी आहे. पश्चिम विभागासाठी ती मुंबईच्या प्रशिक्षण मंडळामार्फत चालते.

कायद्यातल्या दोन तरतुदी प्रॉडक्शन इनचार्जला जरूर सांगा. उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत आणि प्रॉडक्शन बोनसच्या योजनेतही घेता येत नाही. ओव्हरटाइमही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. यामागे शहाणपण आहे. नगाच्या मागे लागलेला शिकाऊ आधी काय सोडतो, तर मोजणं.

पायरी ४ : पहिले बारा आठवडे

खरं काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त ठिकाणी बिघडतं तेही इथेच. बिघडण्याची रीत ठरलेली आहे. पहिल्या दिवशी हेल्पर आला नाही म्हणून उमेदवाराला ट्रॉली ओढायला लावतात. दुसऱ्या दिवशी बर (जॉबच्या कडेला राहिलेली धातूची धार) काढायला. तिसऱ्या आठवड्यात तो हेल्परच झालेला असतो, आणि दोन महिन्यांनी निघून गेला की ‘आजकालच्या मुलांना काम नको’ असं म्हटलं जातं. त्याला काम हवं होतं, म्हणून तर तो दोन वर्षं आयटीआयत शिकला. बारा आठवड्यांचा तक्ता मशीनशेजारी लावा आणि दर शनिवारी त्यावर सही करा.

पहिला आठवडा मशीनला हात लावायचा नाही. इमर्जन्सी बटण प्रत्येक मशीनवर कुठे आहे, ते डोळे मिटून दाखवता आलं पाहिजे. फिरणाऱ्या चकजवळ हातमोजे नाहीत, सैल बाही नाही, चिप्स हाताने ओढायच्या नाहीत, हुक वापरायचा. एअर गनची हवा अंगावर मारायची नाही. ज्या मशीनचा दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास केला आहे, तिथे शिकाऊला उभं करू नका. आणि बायपास आहे हे माहीत असेल तर आधी तो दुरुस्त करा.

दुसरा आणि तिसरा आठवडा मोजमापाचा. इथे घाई केलीत तर पुढे वर्षभर भोगाल. उदाहरणार्थ, ४० मिमी व्यासाचा जॉब, मर्यादा ४०.००० ते ३९.९७५. म्हणजे एकूण सूट (टॉलरन्स) २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ०.०२ मिमी लघुत्तम मापाचा व्हर्नियर इथे चालत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण ०.०१ मिमीचा मायक्रोमीटरही अपुरा आहे, कारण पूर्ण टॉलरन्समध्ये त्याचे अडीचच भाग बसतात. टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतकं तरी बारीक वाचता यावं, असा साधा दंडक आहे. म्हणून इथे ०.००१ मिमीचा मायक्रोमीटर किंवा डायल स्नॅप गेज द्या. इन्स्पेक्टरने मोजून ठेवलेले दहा जॉब उमेदवाराला दोन वेळा, क्रम बदलून मोजायला लावा. वाचन इन्स्पेक्टरच्या वाचनापेक्षा ३ मायक्रॉनपेक्षा जास्त हललं तर रॅचेट (दाब सारखा ठेवणारी मायक्रोमीटरची खुंटी) वापरतो का, अॅन्व्हिल (जॉबला टेकणारं टोक) पुसतो का, जॉब तिरका धरतो का ते बघा.

तापमानाची गोष्टही याच आठवड्यात दाखवा. पोलाद एक अंश तापलं की मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. मशीनमधून काढलेला जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ४० मिमीचा व्यास जवळजवळ ९ मायक्रॉनने मोठा दिसतो. टॉलरन्सचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गेला. नवा ऑपरेटर हा आकडा खरा मानून ऑफसेट कमी करतो, आणि तासाभराने थंड झालेले जॉब अंडरसाइज निघतात. सकाळच्या शिफ्टचे जॉब दुपारी का नापास होतात, याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

चौथा ते सहावा आठवडा लोडिंग आणि मशीन चालवणं. जॉ पुसणं, जॉब स्टॉपरला टेकला का ते पाहणं, चकचा दाब वाचणं. पातळ भिंतीच्या बुशला दाब जास्त झाला तर चकमध्ये बोअर गोल दिसतो आणि सोडल्यावर तीन पाकळ्यांचा होतो. हे सांगून कळत नाही, एक जॉब मुद्दाम बिघडवून डायलवर दाखवा. कूलंटचं (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचं) प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर मोजायला लावा आणि वाचनाला कूलंटच्या डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणायला शिकवा. गुणक विसरला तर प्रमाण चुकतं. कूलंट पातळ झालं की गंज आणि इन्सर्टची झीज, घट्ट झालं की फेस आणि हाताला खाज.

सातवा ते नववा आठवडा इन्सर्ट आणि वेअर ऑफसेट (टूल झिजेल तशी द्यायची दुरुस्ती). फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर दोन चुका वारंवार होतात. एक, ‘प्लस इनपुट’ऐवजी ‘इनपुट’ दाबणं. आधीचा ऑफसेट −०.०८० असेल आणि −०.०१२ ची दुरुस्ती ‘इनपुट’ने दिली तर −०.०९२ होण्याऐवजी नुसता −०.०१२ राहतो. व्यास ६८ मायक्रॉनने वाढतो आणि जॉब नापास. दोन, दशांश चिन्ह विसरणं. पॅरामीटरच्या मांडणीप्रमाणे काही मशीन ‘−१२’ ला १२ मायक्रॉन समजतात, काही १२ मिलिमीटर. दुसऱ्या प्रकारात टूल थेट चकमध्ये जातं. वेअर ऑफसेटची कमाल मर्यादा पॅरामीटरमध्ये बांधून ठेवता येते. शिकाऊला मशीन देण्याआधी सेटरकडून ती बांधून घ्या. शिवाय नियम करा: आकडा टाइप केल्यावर, बटण दाबण्याआधी, तो मोठ्याने वाचायचा. इन्सर्ट फिरवला किंवा बदलला की सीट पुसायची, व्यासावर ०.१ मिमी जास्तीचा ऑफसेट ठेवून एक जॉब घ्यायचा, मोजायचा आणि मग खाली यायचं.

दहावा ते बारावा आठवडा पहिल्या नगाची मंजुरी आणि एकट्याने काम. शेवटच्या शनिवारी तक्त्यातली ५० जॉबची परीक्षा. नापास झाला तर दोन आठवडे वाढवून पुन्हा घ्या. कुठे चुकला ते लिहून ठेवा. तिघंही एकाच जागी चुकत असतील तर दोष शिकवण्यात आहे.

शिकवणारा कोण?

सगळ्यात वेगवान ऑपरेटरलाच शिकवायला बसवण्याची चूक टाळा. त्याचा हात इतका बसलेला असतो की तो काय करतो ते त्यालाच सांगता येत नाही. कामाचे टप्पे बोलून दाखवणारा, चिडका नसलेला माणूस निवडा. त्याच्याकडे दोनपेक्षा जास्त शिकाऊ देऊ नका.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवी माणसं भराभर तयार करण्यासाठी चार टप्प्यांची पद्धत रुळली आणि पुढे जपानी कारखान्यांनी ती जपली. शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, करवून घ्या, मग सोडा पण लक्ष ठेवा. यातल्या तिसऱ्या टप्प्यात शिकणाऱ्याने काम करताना टप्पा, त्यातली मख्खी आणि तिचं कारण बोलून दाखवायचं असतं. ‘जॉ पुसतो’ हा टप्पा. ‘तिन्ही जॉच्या तळाशी’ ही मख्खी. ‘चिप अडकली तर जॉब वाकडा बसतो आणि रनआउट (फिरताना डगमग) येतो’ हे कारण. कारण सांगता येईपर्यंत शिकवणं पुरं झालेलं नाही. असा तीन रकान्यांचा कागद प्रत्येक कामासाठी शिकवणाऱ्याकडूनच मराठीत लिहून घ्या. मुलं हिंदी भाषक असतील तर हिंदीतही.

शिकवणाऱ्याचं त्या काळातलं टार्गेट कमी करा आणि त्याला वेगळा भत्ता द्या. दोन्ही न देता शिकवायला सांगितलंत तर तो शिकवणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. ‘हा तयार झाला की माझा ओव्हरटाइम जाईल’ ही भीतीही खरी असते. त्याला पातळी ४ आणि पुढे सेटरची वाट दाखवा.

पायरी ५ : शेजारी आणि संघटना

पुण्यात मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना १९३४ पासून आहे. छत्रपती संभाजीनगरला सीएमआयए आणि मसिआ, नाशिकला निमा आणि अंबडची आयमा, कोल्हापुरात इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा, नागपूरला व्हीआयए आणि बुटीबोरीची बीएमए. तुमच्या वसाहतीतल्या संघटनेचं सदस्यत्व घ्या आणि कौशल्य विकासाच्या किंवा एचआरच्या समितीत नाव द्या. मोठ्या व्यासपीठावरच्या कार्यक्रमांपेक्षा या समित्यांच्या आठ-दहा जणांच्या बैठकीत काम होतं.

पहिल्या बैठकीला व्हिजिटिंग कार्डाबरोबर एक ठोस मागणी न्या: ‘आम्हाला तीन माणसं मोजमाप आणि जॉमेट्रिक टॉलरन्स (आकाराच्या अचूकतेची मर्यादा) शिकवायची आहेत, अजून कोणाला हवंय?’ एका कारखान्यासाठी बाहेरचा प्रशिक्षक बोलावणं परवडत नाही. पाच कारखान्यांची तीन-तीन माणसं मिळून पंधराची तुकडी होते आणि खर्च वाटला जातो. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम, चिंचवडचं ऑटो क्लस्टर यांसारख्या संस्थांकडे अशी तुकडी घेऊन गेलात तर तुमच्या गरजेनुसार अभ्यासक्रमाबद्दल बोलता येतं. इन्सर्ट आणि कूलंट विकणाऱ्या कंपन्यांचे अॅप्लिकेशन इंजिनिअर एकत्र जमलेल्या पंधरा ऑपरेटरांसाठी अर्धा दिवस आनंदाने देतात. नवीन मशीन घेताना दोन माणसांचं प्रशिक्षण खरेदी ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर तोंडी मागितलं तर मिळेलच असं नाही.

चार-पाच कारखान्यांचा व्हॉट्सअॅप गट फक्त तांत्रिक प्रश्नांसाठी ठेवा. प्रश्न टाकताना मटेरियल, इन्सर्टची ग्रेड, कटिंग स्पीड, फीड, कटची खोली आणि झिजलेल्या कडेचा फोटो द्या. ‘फिनिश येत नाही, काय करू?’ याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग कधीही टाकू नका. शुभेच्छा आणि फॉरवर्डसाठी दुसरा गट करा, नाहीतर महिनाभरात सगळे म्यूट करतील.

आता नाजूक विषय. एकमेकांची माणसं घ्यायचीच नाहीत आणि पगार एका रेषेत बांधून टाकायचे, असे गुपचूप ठराव करू नका. ते कामगारावर अन्याय करणारे आहेत आणि टिकतही नाहीत. करार संपल्यावर कुठे काम करायचं हा त्याचा हक्क आहे. शेजाऱ्यांमध्ये एवढंच ठरवा: माणूस घेताना त्याने नोटिशीचा काळ पुरा केला का ते विचारायचं आणि रुजू व्हायच्या तारखेत तेवढी सवड ठेवायची. कोणाचीही मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू नका. त्या भीतीने थांबलेला माणूस लक्ष देऊन काम करत नाही, आणि ही बातमी आयटीआयत आठवड्यात पोहोचते. पुढच्या वर्षी तिथून कोणी येत नाही.

ऑपरेटरांनाही आपली वर्तुळं हवी असतात. क्वालिटी सर्कल फोरमच्या स्पर्धांना दरवर्षी एक गट पाठवा. दुसऱ्या कारखान्याच्या माणसांसमोर आपलं काम मांडलेला ऑपरेटर परतल्यावर वेगळेच प्रश्न विचारू लागतो.

पायरी ६ : करार संपण्याआधीचे दोन महिने

कायद्याने उमेदवाराला नोकरी देणं बंधनकारक नाही आणि त्यानेही राहायलाच हवं असं नाही. म्हणून बोलणं लवकर करा. करार संपायच्या साठ दिवस आधी त्याच्याशी बसा, कौशल्य तक्ता समोर ठेवा आणि पगाराचा आकडा लेखी द्या. पातळी २ ला किती, ३ ला किती, ४ ला किती हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असू द्या. पगारवाढ कशाने होते हे कळलं की पाचशे रुपयांसाठी गेट बदलणं कमी होतं.

निर्देशित (सरकारने कायद्याखाली ठरवून दिलेला) ट्रेड असेल तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचा अर्ज वेळेत भरला गेला आहे का ते एचआरने स्वतः तपासावं. परीक्षेआधी अभ्यासाला सवड द्या, हॉल तिकीट वेळेत काढून द्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र त्याच्या पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत उपयोगी पडणार आहे, आणि ते तुमच्या निष्काळजीपणामुळे अडकलं तर त्याचं वर्ष वाया जातं. पोर्टलवर करार पूर्ण झाल्याची नोंद करा, शेवटच्या महिन्याचं विद्यावेतन चुकतं करा, आणि त्याच आठवड्यात पुढच्या तुकडीसाठी शिल्प निदेशकांना फोन करा.